पंच्याण्णव की एकशेपाच

अक्का, तुझं इंजिन माझ्यासमोर फळीवर उभं आहे. वरचं झाकण काढून ठेवलंय, पेट्रोलची नळी सोडलीय, आणि कार्बोरेटर मांडीवर घेऊन बसलोय. खालच्या वाटीचे स्क्रू सोडायचे, वाटी उतरवायची आणि आत बघायचं, एवढंच काम. रामनगरच्या गॅरेजात हे मी बोलता बोलता करतो, गिऱ्हाइकाचा चहा संपायच्या आत. इथे तुझ्या परड्यात सकाळपासून बसलोय आणि स्क्रूला हात लावलेला नाही.

तुझं तेराव्याचं कार्य काल झालं. पाहुणे कालच गेले, मी राहिलो. रेणूला म्हटलं, इंजिन एकदा बघून देतो, मग जातो. उद्या सकाळी तिला नाव काढायची आहे. तू गेल्यापासून नाव काठाला बांधून आहे, आणि कुंभारवाड्याची बस धरायची तर वाडीतल्या माणसांना पाण्याला वळसा घालून जंगलातनं चालावं लागतंय. कुणी बोलून दाखवत नाही. पण काल जेवणं झाल्यावर गोविंद अज्जाने तुझं नाव घेऊन डोळे पुसले आणि मग हळूच रेणूला विचारलं, "मग पोरी, नाव कवा काढतीस?" रेणू म्हणाली, "परवा काढते, अज्जा. मामा बघून देणार हाय."

मामा बघून देणार. तर मामाने काय बघायचं, तर तुझी लेक माणसं बसवून भर पाण्यात जाईल तेव्हा इंजिनात कुठला जेट असावा, पंच्याण्णव की एकशेपाच. खरं सांगू? मी ठरवूनच आलो होतो. तुझा एकशेपाच काढायचा आणि माझा पंच्याण्णव परत बसवायचा. मला अडवायला आता आहे कोण? इतक्या वर्षांच्या भांडणात तू पहिल्यांदाच उलट बोलणार नाहीस. या गोष्टीचं मला बरं वाटायला हवं होतं, पण राग येतोय. भांडण अर्ध्यावर टाकून उठून जायची तुझी रीत नव्हती.

हे इंजिन तू कारवारकडच्या एका मच्छीमाराकडून आणलंस. दाजी गेल्यावर त्यांची वल्ह्याची नाव तू चालवायला घेतलीस, तेव्हा अख्खी वाडी म्हणाली, बाईमाणसाच्याने हे पाणी ओढवायचं नाही. तू ओढलंस. मग खांदे भरून यायला लागले तेव्हा मला निरोप धाडलास, "तम्मा, यंत्र आणलंय. ये आणि बघ." मी आलो, बघितलं आणि डोक्याला हात लावला. खाऱ्या हवेनं कार्बोरेटर असा खाल्ला होता की बोट लावलं तर पांढरी भुकटी हाताला यायची. तसला कार्बोरेटर मिळणार कुठे? मी म्हटलं, टाकून दे. तू म्हणालीस, "टाकायला बोलावलंय व्हय तुला?"

म्हणून मी मोटरसायकलचा कार्बोरेटर घातला. खानापूरच्या लेथवर मधली पट्टी करून घेतली, हवेच्या डब्याचं झाकण उडवलं, आणि इंजिन सुरू केलं. झालं ते असं की आता या इंजिनाला किती पेट्रोल लागतं हे सांगणारं जगात कुणी उरलं नाही. बनवणाऱ्याचा हिशेब त्याच्या कार्बोरेटरपुरता. वर आपण घाटावर, समुद्राकाठच्यापेक्षा हवा पातळ. जेट आपला आपणच शोधायचा होता.

जेट काय असतो हे मी तुला याच परड्यात दाखवलं होतं. पितळेचा, करंगळीच्या नखाएवढा तुकडा, मधोमध आरपार भोक, आणि अंगावर ठोकलेला आकडा. भोक मोठं तर पेट्रोल जास्त, लहान तर कमी. तू तो डोळ्याला लावून आभाळ बघितलंस आणि म्हणालीस, "एवढ्याशा भोकातनं माझी नाव जाणार?" मी म्हटलं, "नाव जाईल नाहीतर राहील, सगळं ह्या भोकावर." या इंजिनाला तेल वेगळं मिळत नाही, पेट्रोलात मिसळलेलंच जातं. त्यामुळे भोक लहान झालं की पेट्रोल तुटतं आणि त्याबरोबर तेलही तुटतं. पिस्टन तापून फुगतो आणि सिलेंडरला धरतो. भोक फार मोठं झालं तर इंजिन गुदमरतं, धूर ओकतं, पण मरत नाही. हे सगळं मी तुला नीट समजावून सांगितलं, आणि तिथेच माझं चुकलं म्हण. पुढे प्रत्येक भांडणात तू माझीच वाक्यं माझ्या अंगावर टाकलीस.

जेट बसवायला निघालो तो दिवस एप्रिलचा. दुपारची वेळ, ऊन मी म्हणत होतं, सुप्याच्या धरणाचं पाणी खाली गेलेलं, आणि बुडालेल्या रानाची खोडं पाण्यातनं डोकी वर काढून उभी. मी सांगितलं, पूर्ण रेस द्यायची, बरंच अंतर तसंच जायचं, आणि रेस न सोडता इंजिन एकदम बंद करायचं. मग प्लग काढून त्याचा रंग बघायचा. पांढरा आला तर जेट लहान, काळा आला तर मोठा.

"भर पाण्यात बंद करायचं? मुद्दाम?"

"मुद्दाम."

"आणि परत न्हाई लागलं तर?"

"तर तू हायस की वल्हं मारायला."

तू माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलंस ती नजर मला लहानपणापासून ठाऊक होती. पण वल्हं उचलून मांडीवर आडवं घेतलंस. इंजिन बंद केलं की एकदम शांत व्हायचं, आणि मग कळायचं की वारा आहे. तो नाव धरणाकडे, खोडांच्या रांगेकडे लोटायचा. मी तापलेला प्लग फडक्यात धरून काढत असायचो, बोटं पोळायची, आणि तू एकीकडे खोडांवर नजर ठेवून म्हणायचीस, "तम्मा, लवकर. तम्मा, लवकर." एकदा एका खोडाला नावेचा तळ घासला, आणि तू वल्ह्याने ते खोड असं ढकललंस की मीच पाण्यात जायचा राहिलो. प्लग मात्र सोडला नाही मी.

एकशेपाचला प्लग काळपट आला. मी म्हटलं, चहासारखा रंग पाहिजे. तू विचारलंस, "कुठला चहा? माझा का तुझ्या बायकोचा? तिच्या चहात दूध लई असतंय." मग मी पंच्याण्णव घातला, आणि अक्का, नाव अशी उडाली की तू दांडा धरल्या धरल्या मागे कलंडलीस आणि हसलीस. नंतर तू हे कधी कबूल केलं नाहीस. पण मी समोर बसलो होतो, मी बघितलंय. प्लग काढला तर रंग अगदी हवा तसा. ते इंजिन पंच्याण्णववर जे चाललं तसं ते समुद्रावरसुद्धा चाललं नसेल. हे मी आजही म्हणतो.

परत येताना मधोमध तू एकदम रेस सोडलीस. मी ओरडलो, "आता काय झालं?"

"खाली पार हाय."

मला ठाऊक नव्हतं असं नाही. पाण्याखाली आपली जुनी वाडी आहे, तिच्या मधोमध देवाचा पार, आणि नाव त्या पारावरनं जाताना संथ करायची ही पद्धत दाजींच्या वल्ह्यापासूनची. बसलेली माणसं हात पाण्यात बुडवतात आणि कपाळाला लावतात, मग नाव पुढे निघते. पण वल्ह्याची गोष्ट वेगळी. मी म्हटलं, "देव तर वर आणलेत की आपण."

"देव आणलेत. पार न्हाई आणला."

वाडी सुटली तेव्हा मी लहान होतो. मला आठवतं ते एवढंच, की मी ट्रकात अंथरुणाच्या गाठोड्यावर बसलो होतो आणि मांडीवर आपला कोंबडा होता. तुला सगळं आठवत होतं, कुणाचं दार कुठे उघडायचं, विहिरीवर कुठल्या दगडावर पाय घसरायचा. पण तू ते सांगायची नाहीस. फक्त तिथे आलं की रेस सोडायचीस. मी तुला त्याच दिवशी सांगितलं, की पूर्ण वेगात तापलेल्या इंजिनाची रेस एकदम बंद केली, की पिस्टन पळतच असतो आणि तेल मात्र थांबतं. तिथे रेस सोडू नको, आणि सोडायचीच तर लांबून हळूहळू कमी करत आण. तू म्हणालीस, "वारं असलं की हळूहळू कसं आणू? खोडावर जाईल. इंजिनाचं तू सांग. माझ्या माणसांनी कुठं हात बुडवायचा ते सांगू नको."

"मग एकशेपाच घालावा लागंल. धूर करंल."

"करू दे."

मी काही घातला नाही. मी रामनगरचा मेकॅनिक, माझ्या हातचं इंजिन धूर ओकत काठाला लागणार आणि बघणारे म्हणणार, हे ह्याने बसवलंय. पंच्याण्णव तसाच ठेवून मी घरी गेलो.

त्या थंडीत जे झालं ते तू मला कधी धड सांगितलं नाहीस, गोविंद अज्जाकडनं कळलं. सकाळची वेळ, पाण्यावर धुकं, नाव भरलेली. पारावर आल्यावर तू रेस सोडलीस आणि इंजिन कुईं करून गप्प झालं. दोरी ओढली तर दोरी जागची हलेना. अज्जा म्हणाला, "तुझी अक्का लई सावकाश बोलली. म्हणाली, कुणी उठायचं न्हाई, कुणी बोलायचं न्हाई." वाऱ्यावर नाव खोडांकडे चालली, धुक्यात खोडं दिसायची ती अगदी जवळ आल्यावरच. तू उभी राहून वल्ह्याने एकेक खोड टाळत राहिलीस, इंजिन निवेपर्यंत. मग पिस्टन सुटला, दोरी हलली, आणि तू कमी रेसवर पलीकडे नेलंस सगळ्यांना. अज्जाचा हात पाण्यात होता तसाच होता. "काढायचं ध्यानातच न्हाई," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तू गॅरेजात हजर. कापडी पिशवीतून कार्बोरेटर काढून माझ्या बाकावर ठेवलास, पाणीसुद्धा घेतलं नाहीस.

"एकशेपाच घाल."

"तेल कमी पडलं असंल."

"तेल मी मोजून घालते."

"रेस एकदम सोडलीस म्हणून झालं ते. जेटचा काय दोष?"

"रेस मी सोडणारच. त्याला धरून जेट दे. तुझ्या जेटला धरून मी देव बदलू व्हय?"

गॅरेजातली माणसं कामं थांबवून ऐकत होती. थंडीत हवा दाट होते आणि तोच जेट मग तोकडा पडतो, हे मला शिकवायला कुणी नको होतं. उन्हाळ्याला पंच्याण्णव आणि थंडीला एकशेपाच, इतकी सोपी गोष्ट आपल्यापैकी एकाच्याही डोक्यात आली नसेल असं नाही. पण ती म्हणायची तर दोघांपैकी एकाला आधी गप्प बसावं लागलं असतं. तो काही आपल्या घराण्याचा गुण नव्हे. मी बामच्या रिकाम्या डबीत एकशेपाच टाकला आणि डबी तुझ्या हातात दिली. म्हटलं, "घे. इंजिन तुझं, हात तुझा. घालायचा तर घाल. पण मग मला काही विचारू नको."

"न्हाई विचारत," तू म्हणालीस, आणि डबी कनवटीला खोचून, कार्बोरेटर परत पिशवीत घालून बस धरलीस.

त्यानंतर तू खरंच कधी विचारलं नाहीस, आणि मीही विचारलं नाही. एक जेट इंजिनात, दुसरा डबीत, कुठला कुठे ते तुला ठाऊक. पण मला कान आहेत, अक्का. पुढच्या खेपेला मी तुझ्या नावेत बसून येत होतो. पूर्ण रेसवर आवाज बरा वाटला, वारा एवढा की नीट कळेना. मग पार आला, तू रेस सोडलीस, आणि इंजिन जड पडलं, गुदमरल्यासारखं भक भक करायला लागलं, मागून निळा धूर. पेट्रोल जास्त झाल्याचा आवाज तो, मी झोपेत ओळखीन. मनात म्हटलं, घातलास तर. सगळ्यांनी हात पाण्यात बुडवले. मी बुडवला नाही, मुद्दाम दुसरीकडे बघत बसलो. तू मला बघत होतीस, ते मला न बघताही कळत होतं.

दर खेपेला असंच. पारावर भक भक, निळा धूर, आणि मी दुसरीकडे बघणार. पुढे पुढे माझं येणं कमी झालं. गॅरेज सोडवत नाही म्हणायचो. खरं तर त्या आवाजाचा मला अपमान वाटायचा. हसू नकोस. तूच मला त्या गॅरेजात नेलं होतंस. शाळेत जीव रमेना तेव्हा दंडाला धरून मालकापुढे उभा केलास आणि म्हणालीस, "ह्याला हात हायत. तोंड जरा जास्त हाय, तेवढं सांभाळून घ्या." माझ्या हातांवर विश्वास ठेवणारी तू पहिली, आणि माझा जेट काढून टाकणारीही तूच, असं मी धरून बसलो होतो. दिवाळीला आलो की तू माझ्या पानात जास्तीची पोळी वाढायचीस, आणि मी ती खाऊन इंजिनाचं काही न बोलता निघायचो.

तर आता हे ऐक. सकाळभर तुझ्याशी असंच बोलत बसलो, मग दुपारी शेवटी रेणूकडे डबी मागितली. म्हटलं, आधी माझा पंच्याण्णव हातात घेऊ, मग तुझा एकशेपाच बाहेर काढू. झाकण घट्ट बसलं होतं, दाताने उघडलं. जेट हातावर घेतला, उजेडाकडे धरला. एकशेपाच.

पुसून परत बघितला. एकशेपाचच. आटे कोरे करकरीत, एकदाही कशात फिरवलेला नव्हता तो.

मग मात्र मी वाटी उतरवायचं लांबवलं नाही. स्क्रू काढताना घाईत एक गवतात पडला तो अजून मिळालेला नाही. आत माझा पंच्याण्णव होता. मी एप्रिलमध्ये बसवला होता तोच, तसाच, स्क्रूड्रायव्हरचा माझा ओरखडासुद्धा त्यावर तसाच.

मी रेणूला हाक मारली. ती भांडी घासत होती, राखेच्या हातानेच आली. विचारलं, "पारावर आलं की तुझी आई काय करायची? नीट आठवून सांग."

"रेस सोडायची."

"आणखी?"

तिने डावा हात पुढे करून दाखवला. "हितला हा दांडा वर ओढायची. रेस सोडायच्या आधी थोडा. माणसांचं हात लावून झालं की परत खाली."

चोक. तू चोक ओढत होतीस. रेस सोडायच्या क्षणी चोक ओढून इंजिनाला वरून पेट्रोल पाजत होतीस, आणि पेट्रोलाबरोबर तेल. म्हणून ते भक भक करायचं, म्हणून तो निळा धूर. माझा लहान जेट ठेवून त्याची कसर तू हाताने भरून काढत होतीस, दर खेपेला, जाताना आणि येताना. हे तुला कुणी शिकवलं? मी तर नाही शिकवलं. मला सुचलं असतं की नाही, कुणास ठाऊक.

"पण डबीतला जेट का नाही घातला तिनं?" मी विचारलं.

रेणू म्हणाली, "मी एकदा म्हटलं हुतं आईला, बदल की म्हणून. तर म्हणाली, तुझा मामा आवाजावर वळखतो. त्यानं बसवलेलं काढलं तर त्याला कळंल. आणि मग तो यायचा बंद हुईल."

अक्का, मी आवाजावरूनच ओळखलं. बरोबर उलटं ओळखलं. तू ज्यासाठी एवढा आटापिटा करत होतीस, त्याचाच धूर बघून मी यायचं कमी केलं. एक शब्द बोलली असतीस तर? आणि मी एकदा मान वळवून तुझ्या डाव्या हाताकडे बघितलं असतं तर? आता कुणावर चिडू, मला कळत नाही. तुझ्यावर चिडतो, सवयीने.

पण खरी भीती मला त्यानंतर वाटली. रेणूला विचारलं, "तू ओढतेस तो दांडा?"

"न्हाई. आई असताना नाव तीच चालवायची. मला वाटलं, आईची सवय हाय ती. नमस्कारासारखी."

"मग आईला दवाखान्यात नेलंस त्या दिवशी?"

ती खाली बसली. त्या सकाळबद्दल ती कुणाशीच बोलली नव्हती. म्हणाली, तू पुढच्या फळीखाली गोधडीवर पडून होतीस, डावं अंग गेलेलं, बोलता येत नव्हतं. तिने पूर्ण रेस दिली होती. पारावर आल्यावर तू उजवा हात वर केलास.

"मला वाटलं, रेस कमी कर म्हणतीया. पाराला हात लावायचा असंल. पण मी न्हाई केली, मामा. आईला लवकर न्यायचं हुतं. मी तशीच पुढं नेली. ती हात करत हुती आणि मी बघितलं न बघितल्यागत केलं." आणि मग राखेचे हात तोंडावर घेऊन ती रडायला लागली. तिला वाटत होतं, आईचा शेवटचा नमस्कार आपण चुकवला.

मी तिला सांगितलं, तू रेस सोडली असतीस तर इंजिन तिथेच धरलं असतं. चोकविना, त्या थंडीत, तसं तापलेलं. तू आणि आई खोडांच्या मध्ये बसून राहिला असता. तिला ते पटायला वेळ लागला, आणि मलाही ते बोलून झाल्यावर पाणी प्यावं लागलं. डॉक्टर म्हणाले होते की झटका मोठा होता, लवकर आणूनही फरक पडला नसता. पण पोरीने निदान आणलं तरी.

तो हात कशाचा होता, अक्का? संथ कर म्हणत होतीस, की सोडू नको म्हणत होतीस? की चोकाचा दांडा दाखवत होतीस? मी इथे बसून सगळ्या तऱ्हेनं हात वर करून बघितला. काही कळत नाही. तुला पार चुकवायचा नव्हता हेही खरं असेल, आणि नाव अडकू द्यायची नव्हती हेही. एका हाताने दोन्ही सांगायला निघालीस तर समोरच्याला कसं कळणार? बोलायला हवं होतंस आधी. मी तरी कुठे बोललो म्हणा.

आता ठरवायचं मला होतं. रेणू म्हणाली, "मी शिकते की चोक ओढायला. तुमचा जेट ऱ्हाऊ दे. आईनं ठेवला तर मी कशाला काढू?" ती शिकेल, हुशार आहे. पण एखाद्या सकाळी धुकं असेल, कुणी बाळंतीण नावेत असेल, कुणी काही विचारत असेल, आणि डावा हात विसरेल. एकदाच विसरेल. पारावर रेस मात्र ती विसरणार नाही, ती सोडणारच. नावेत बसलेली सगळी माणसं त्याची वाट बघत असतात. मी कितीही डोकं आपटलं तरी ते बदलणार नाही, आणि खरं सांगायचं तर आता मला ते बदलायचंही नाही.

मी पंच्याण्णव काढला. काढताना म्हटलं, बघ, अख्ख्या भांडणात मी जिंकलो होतो आणि मला ते आज दुपारी कळलं. तुझ्या इंजिनात माझाच जेट होता. आणि तो काढायचं कामही माझ्याच वाट्याला आलं. एकशेपाच बसवला, घट्ट केला, वाटी लावली. हरवलेल्या स्क्रूच्या जागी माझ्या पेटीतला एक मिळाला. पंच्याण्णव बामच्या डबीत टाकून झाकण लावलं. एप्रिल आला की मी येईन आणि बदलीन. रेणूला तसं सांगितलंय, आणि तिने तुझ्यासारखंच एकदा माझ्याकडे बघितलं, येतो की नाही ते जोखल्यासारखं.

ऊन उतरायच्या आधी इंजिन नावेवर चढवलं आणि आम्ही दोघंच निघालो. दांडा रेणूकडे, वल्हं माझ्या मांडीवर. पूर्ण रेसवर ती पळाली, पण पंच्याण्णवसारखी नाही. जड चालत होती, मी कबूल करतो. पार जवळ आला. डावीकडे खोडं दिसत होती, वारा धरणाकडे होता. मी वल्हं दोन्ही हातांनी धरून ठेवलं. रेणूने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तिने रेस सोडली, एकदम, तू सोडायचीस तशी.

इंजिन खाली आलं. भक भक करायला लागलं. मी कुईं ऐकायची वाट बघत होतो. ते आलं नाही. चालत राहिलं, गुदमरत, ओकत, पण चालत राहिलं. वाटलं त्यापेक्षा नाव पुष्कळ वेळ पारावर थांबली. वल्हं खाली ठेवायला मला तेवढा वेळ लागला. मग मी हात बुडवला. पाणी थंडगार होतं. कपाळाला लावला आणि नुसतं अक्का म्हटलं.

मागे वळून बघितलं तर पाण्यावर निळ्या धुराचा पट्टा पसरला होता, आपल्या जुन्या वाडीवरून थेट काठापर्यंत. रेणूने नाक मुरडलं.

"मामा, लई धूर करतंय की ओ हे."

"करू दे," मी म्हटलं.